बकरी न मिळालेलं गाव

कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर भूपेंद्र गळ्यात संस्थेचं कार्ड आणि मांडीवर सर्वेच्या फॉर्मांची थैली घेऊन बसला होता. मागच्या बाकावरून सुलोचनाबाईचा आवाज आला, तसं त्यानं कार्ड हळूच खिशात सारलं.

"बाई, तुमच्या गावाले बकऱ्या भेटल्या म्हणे?"

"बाजूच्या गावाले भेटल्या, कुंदा. संस्थेनं गावाच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या, आमची नाही निघाली."

"मंग सर्वेवाले तुमच्याइथं कायले येतेत?"

"बकरी नाही देल्ली त आमची गरिबी हटते का नाही, ते पाहाले."

"हटली का?"

"एवढे शिकलेले लोक दरसाली पाहून राहिले, एखांद्या दिवशी तिलेच लाज वाटन."

"रिकाम्या हातानं येतेत?"

"नाही वं. दोन तास इचारतेत, भाजी कायची, खाटा किती, अन् जाताना स्टीलची वाटी देतेत. तीन झाल्या. वाटीत वाढाले काही भेटलं का तुले जेवाले बोलावतो."

"सोताच घेऊन टाका ना बकरी."

"म्हटलं मी त्या सर्वेवाल्या पोराले. तोंडच उतरलं त्याचं. म्हणे, मावशी, आमचा अभ्यास होतवरी थांबाल का?"

"थांबल्या?"

"कायले? घेतली. दोन पिल्लं हायेत आता. तो आला का मी तिले बहिणीच्या कोठ्यात बांधतो. गरिबाचं पोरगं हाय, आपल्या बकरीपायी त्याची नोकरी कायले घालवाची?"

बस आली. चढता चढता सुलोचनाबाई भूपेंद्रजवळ थांबली.

"बाबू, आज आमच्याच गावाले ना? पहिले दुसरी घरं कर. बकरी हलवाले येळ लागते."