उशाखालचा विळा

लसीच्या रांगेत माझ्यापुढं तिगावच्या केसरबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची सून डिंपल भिंतीकडं पाहत होती. शेजारच्या बाईनं विचारलं,

"सून बोलत नाही का वो?"

"बाळंत झाली तवापासून अशीच. झोपत नाही, लेकराकडं पाहत नाही. बाहेरचं काही जवळ येऊ नये म्हणून उशाखाली विळा ठेवला."

"माह्या पोरीले असंच झालं होतं. नागपुरात डॉक्टरनं समोर बसवून इचारलं, झोप येते का, रडू येते का. गोळ्या देल्या, सुधरली."

"ते तुमचं नागपूर. इथं लेकराले तोलतात, बाईले कोन इचारते?"

"तुम्ही तं इचारा."

"काय वं डिंपल, कसं वाटून राहिलं?"

"आई, थो विळा मले रोज उठ म्हन्ते."

"आइकलं? राखन करून राहिला."

"अन् मंग लेकराचं नाव घेते."

शेजारची बाई डिंपलकडं वळली. तेवढ्यात नर्सनं हाक मारली. केसरबाईंनी नातवाला काट्यावर ठेवलं.

"वजन बढिया वाढलं. सगळं ठीक आहे. चला, पुढचं लेकरू आणा."