वरची बाजू कुठली

सासरे – घे सूनबाई, दोन्ही बाजू लख्ख करून ठेवल्यात. चढव आता अंगणाच्या छपरावर.

सून – दोन्ही बाजू म्हणजे? बाबा, शीटवरचे पापुद्रे काढलेत तुम्ही?

सासरे – मग? एकावर काहीबाही छापलं होतं, एक कोरा होता. दोन्ही ओढले आणि पुसून काढलं. चाळीस वर्षं काच बसवतोय, मळकी काच कधी चढवली नाही.

सून – ही काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे.

सासरे – ते दिसतंच आहे. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाची थोरली बहीण.

सून – त्या छापील पापुद्र्यावर लिहिलेलं असतं, ही बाजू उन्हाकडे. त्या बाजूला ऊन सोसणारा थर असतो. तो वर राहिला तर शीट दहा वर्षं टिकते. उलटी बसली तर दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते, मग कडक होऊन तडकते. आणि खाली बालवाडीची पोरं खेळणार.

सासरे – मग आता कुठली बाजू कुठली?

सून – तेच तुम्हाला विचारतेय.

सासरे – दोन्ही सारख्याच दिसतात की.

सून – दिसणारच. थर केसाहून बारीक असतो.

सासरे – थांब, आठवून बघतो. छापील काढला, तेव्हा शीट अशी होती. मग फिरवली. मग पाणी प्यायलो आणि परत फिरवली.

सून – पाणी पिऊन कशाला फिरवली?

सासरे – सांडलं होतं थोडं.

सून – हं.

सासरे – नुसतं हं म्हणू नकोस, ओरड एकदाची. तरी मी सांगत होतो, मला आणू नकोस. फक्त एक टोक धरायला चला म्हणालीस आणि मी अख्खी शीट घालवली. आजपासून मी घरी. माझा काच कापायचा हिरा कोणालाही देऊन टाक.

सून – हे आजचं बोलताय, की गेल्या महिन्यातल्या त्या खिडकीचं?

सासरे – ती काच वाऱ्यानं गेली.

सून – बरं, वाऱ्यानं गेली. आणि चहा हल्ली अर्धाच कप मागता, तो कशानं?

सासरे – तुझं लक्ष असतं म्हणजे.

सून – एकाच घरात राहतो आपण, बाबा.

सासरे – खाली पाळणा होता, पोरी. दोन हातांवर. काच फुटली तसं ते बाळ दचकून रडायला लागलं आणि मी खांबासारखा उभा. त्याच्या आईनं मलाच बसवलं, मलाच पाणी दिलं. तेव्हापासून काच हातात घ्यायची म्हटलं की हात दुप्पट कापतात.

सून – म्हणून तर काचेऐवजी ही शीट आणली. दुकान मी चालवते, गिऱ्हाईक मी बघते, पण तुम्ही नुसत्या नजरेनं सांगता ते माप मला टेप लावूनही जमत नाही. तुम्ही घरी बसलेले मला नकोत.

सासरे – लोणी लावू नकोस. आधी या शीटचं काय ते बघू.

सून – काय बघणार? नवी यायला आठवडा. आणि बालवाडीच्या बाईंनी पोरांना उद्या अंगणात सोडायचं कबूल केलंय.

सासरे – काचेलाही दोन बाजू असतात, ठाऊक आहे का?

सून – काचेला?

सासरे – वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट करतात तिला. कथील लागलं ती बाजू वेगळी. आरसा करायचा तर ती ओळखावी लागते. डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या पिशवीतला तो जांभळा दिवा अंधारात धरला की दुधासारखी उजळते.

सून – तो दिवा? मला वाटायचं डास मारायचा आहे.

सासरे – धन्य आहेस. कापून उरलेला तुकडा आहे का, पापुद्र्यासकट?

सून – आहे.

सासरे – छापील बाजूच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लाव, मगच पापुद्रे काढ. माझ्यासारखं करू नकोस. आणि पोरांची ती सतरंजी आण, अंधार हवा.

बाई – अहो, सतरंजीखाली कोण शिरलंय?

सून – आमचे बाबा आहेत, बाई. शीट तपासतायत.

बाई – पोरं खिडकीला चिकटलीत सगळी. म्हणतायत, आजोबा लपाछपी खेळतायत.

सासरे – त्यांना सांगा, राज्य माझ्यावर आहे.

सून – दिव्याकडे बघू नका, बाबा.

सासरे – दिवा माझा आहे, मला शिकवू नकोस. हा तुकडा. पट्टीची बाजू निळसर उजळली बघ. दुसरी मख्ख. आता शीट. ही मख्ख. उलटी कर. हां, सापडली. पट्टी दे इकडे.

सून – कमाल केलीत. मला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

सासरे – तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. पण ही भोकं अशी ढिली का पाडलीस? स्क्रू आत लोळतोय.

सून – उन्हात शीट पसरते, गारठ्यात आखडते. घट्ट आवळली तर दिवसभर कुरकुरते आणि तडे जातात.

सासरे – सुनेसारखी.

सून – सासऱ्यासारखी. चला, मी शिडीवर चढते. तुम्ही खालून द्या.

सासरे – हलकी आहे गं. काचेला चार माणसं लागली असती.

सून – अजून वर. थोडी डावीकडे. आलीच.

सासरे – थांब. थांब, सुटतेय...

(धप्प असा मोठा आवाज.)

सून – लागलं का तुम्हाला?

सासरे – नाही.

सून – आणि शीट?

सासरे – दोनदा उडाली आणि गप पडली. तडा नाही कुठे. कोपऱ्यावर एक ओरखडा आहे.

सून – ओरखडे पडतात हिला. फुटत मात्र नाही. हातोडा मारलात तरी.

सासरे – खरंच नाही फुटली.

बाई – काय हो, काय पडलं एवढं?

सासरे – शीट पडली, बाई. माझ्या हातातून सुटली, हात कापतात हल्ली. सूनबाई, वाक जरा, परत देतो.