घोणनाळेतलं रडणं

ऐका. जरा सरकून बसा, शेकोटीला पुढं या आणि ऐका.

आपली सखूबाई सुईण, वरच्या आळीतली. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. तिची लेक खाली कोकणात दिलेली, पहिलटकरीण. सांजेला सांगावा आला, पोरगी अडली. आता म्हातारी थांबतीय होय? बाळाचं दुपटं काखंत मारलं आणि अंधारात निघाली घोणनाळेच्या वाटेनं.

घोणनाळ तुम्हाला ठावी हाय. माथ्यावर आपलं सपाट रान, आणि एकदम कडा. उभा काळा कातळ, त्याखाली तांबड्या मातीचा पट्टा. परत काळा, परत तांबडा. भाकरीची चवड रचावी तसे थर. तांबडा पट्टा मऊ, पावसानं खाल्लेला, म्हणून तिथनंच आडवी पाऊलवाट. हातभर चुकलं की संपलं.

पहिल्याच पट्ट्यावर दिवा दिसला. "मामी, मी गेनू. न्यायला आलोय." जावयाचा आवाज. म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाबा आलास," आणि चालली मागं. पण ऐका, दिवा पुढं चालत होता आणि पाऊल वाजत नव्हतं.

तिनं विचारलं, "गेनू, पोरगी कशी हाय?"

दिवा विझला. आणि समोरून बाळ रडलं. नुकतं जन्मलेलं, कोवळं.

"मामी, झालं बघा. घ्या त्याला, गारठलंय."

अहो, आजीचं काळीज ते! पाऊल उचललंच तिनं. पण बाई कड्यावरची. आपण धुक्यात पुढं पाला उधळतो की न्हाई? उलटा तोंडावर आला, तर पुढं जमीन न्हाई, खालून वर चढणारा वारा हाय. तिथं पाला कुठला? तिनं दुपटं फेकलं.

आलं परत. थेट तोंडावर.

म्हातारी मटकन बसली, कातळाला पाठ लावून. समोर नुसती पोकळी, आणि पोकळीत बाळ रडतंय. रात्रभर रडलं. पार आवाज बसेस्तोवर रडलं. हिच्या कानात बोटं आणि डोळ्याला धार. "तू माझा न्हाईस रे," म्हणायची, "पण असलास तर माफ कर."

उजाडलं. बघते तर पाय कड्यापासून वीतभर. उठली ती धडपडत खाली गेली. लेक जिती होती, झुंजत होती. दुपारी नातू झाला, आजीच्याच हातावर.

सगळं चांगलं झालं. पण नातू रडला की सखूबाई लगेच उचलायची न्हाई. आधी पाय पुढं सरकवून जमीन चाचपायची, मग त्याला छातीशी धरायची. म्हणून सांगतो, दिवस मावळल्यावर घोणनाळेची वाट धरू नका. कुणाचंही लेकरू रडलं तरी.