लिव्हरमधला फुगा

फट्ट! लहानपणी कानाशी फुगा फुटला होता, तो आवाज अजून गेलेला नाही, आणि डॉक्टरीणबाई हसत सांगतात काय, "आजोबा, मानेतल्या शिरेतून नळी घालून लिव्हरपाशी छोटासा फुगा फुगवायचाय!" आता बोला! अहो, दंडाला पट्टा बांधला तर माझं बीपी झकास, पण लिव्हरचं म्हणे वेगळं असतं... आतड्यांकडचं रक्त लिव्हरमधून जातं, ते लिव्हर झालं कडक, रक्त तुंबलं, दाब चढला, आणि फार चढला तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात!

मी शिरांना घाबरलो? छे! हिला घाबरलो. ही म्हणजे झोपेतही बोलणारी, आणि लिव्हर म्हटल्याबरोबर पदरच खोचला. "अहो, चांगलं लिव्हर उगाच बिघडतं होय? कुठं बसत होतात?" तुम्हाला सांगतो, आयुष्यात थेंब घेतला नाही हो! मेहुणा आला, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणतो, "भावोजी, मोकळे व्हा. सोड्यातून की पाण्यातून?" अरे, थेंब नाही! खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पितो मी! इतक्या वर्षांच्या संसारात हिनं माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता... ते जिव्हारी लागलं.

मान बधिर केली, नळी गेली. फुगा मिटलेला असताना एक आकडा, फुगवून शिरेची वाट अडवली की दुसरा, दुसऱ्यातून पहिला वजा, तो लिव्हरचा दाब. मी डोळे मिटून 'फट्ट'ची वाट बघतोय, तर बाई म्हणतात, "झालं!" झालं? कानाला पत्ताच नाही! त्याच वाटेनं लिव्हरचा कणही काढला तपासायला.

परवा निकाल. "आठ! पाचपर्यंत ठीक, दहाच्या पुढं धोका. तुम्ही अलीकडेच आहात, आजोबा." उठून नाचावंसं वाटलं! "बाकीचंही सगळं जुळवून पाहिलं. हे दारूचं नाही. चरबी साठलीय." तुम्हाला सांगतो, थेंब नाही! आता सरकारी शिक्काच! मी हिच्याकडे ऐटीत वळणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "घरी इतकं गोड, इतकं तळलेलं करतं कोण?"

हिचा चेहरा... अहो, जन्मभर 'अजून एक घ्या, अजून एक घ्या' म्हणत वाढलेलं सगळं त्या चेहऱ्यावर आलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"बाई, खरं सांगू? मी घेतो अधूनमधून. चोरून."

घ्या! निर्दोष सुटलेला माणूस, आपल्या पायांनी आत जाऊन बसला! ही उठली, माझ्या मानेवरची पट्टी बोटानं हलकेच सारखी केली... आणि काही न बोलता निघून गेली.