सैल होण्याचा निरोप

(चंद्रपूरच्या एका दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. दुपार. केसरबाई खाटेवर, मुलगी संघप्रिया उशाशी.)

केसरबाई : रक्त धुवाच्या मशीनवर नाई जात मी. डाक्टरले सांगून दे.

संघप्रिया : संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर मशीन लागणारच नाई, असं म्हणाले ते.

केसरबाई : कालपासून सलाईनच्या बाटल्यावर बाटल्या चढून राह्यल्या, अन् बाहीर एक थेंब नाई. कुठी जाते मंग पानी? तू नागपूरले किडनीचंच शिकते ना? सांग मले.

संघप्रिया : किडनीत रक्त गाळायच्या बारीक जाळ्या असतात, आई. त्या जाळ्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी मी काचेच्या बशीत वाढवते. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातून एक रसायन येते, निरोप घेऊन. पेशीवर त्याच्यापुरतीच जागा असते, तिथं ते बसते. मग पेशीच्या आत कॅल्शियम वाढते, अन् ती आखडते. मूठ आवळावी तशी. जाळी आवळली, गाळणं कमी. पाणी वाचते.

केसरबाई : म्हंजे माह्या भल्यासाठीच आखडली थे.

संघप्रिया : हो. पण 'सैल हो' म्हणणारा दुसरा निरोपही असते. दुखण्याच्या गोळ्यांनी तो तयारच होत नाई. बाबा सांगत होते, तेंदूपत्ता तोडाले जाताना तू कमरेसाठी रोज गोळ्या खात होती.

केसरबाई : सगळ्याच बाया खातेत.

संघप्रिया : अन् पाणी? एवढ्या उन्हात, एटापल्लीच्या जंगलात. बाटली भरलेलीच घरी आणत होती म्हणे. काऊन, आई?

केसरबाई : जाऊ दे ना.

संघप्रिया : सांग.

केसरबाई : पहाटे ट्रॅक्टरात बसलं का चारी बाजूले मानसं. तिकडं झुडपं कमरेएवढी. बाईनं आड कुठी बसाव? पानी पेलं का लघवी लागते. म्हनून पेतच नाई. शेजारची धुरपता नाई पेत, तुही काकू नाई पेत. लहानपनापासून दाबून ठेवाची सवय आहे, माय.

संघप्रिया : मले कधी सांगितलं नाई तू.

केसरबाई : सांगाची गोष्ट आहे का थे?

संघप्रिया : (आईच्या अंगावरची चादर सारखी करते.)

केसरबाई : आखडलेली पेशी मंग सुटते का पन?

संघप्रिया : माझ्या बशीत सुटते. रसायन धुऊन काढलं, वेळ दिला, की हळूहळू पसरते पुन्हा. सगळ्या नाई सुटत.

केसरबाई : भेव वाटून राह्यलं तुले.

संघप्रिया : हो.

केसरबाई : हात दे इकडं. कसा थंडा पडला पाह्य.

संघप्रिया : तू झोप थोडं.

केसरबाई : एक सांगू? सकाळपासून जराशी लागल्यासारखी वाटून राह्यली.

संघप्रिया : सकाळपासून? अन् सिस्टरले नाई सांगितलं?

केसरबाई : समोरच्या खाटेवालीचा नवरा बसला आहे ना. तिचा भाऊबी.

संघप्रिया : आई... थांब. भाऊ, तुम्ही दोघं जरा बाहेर जाता का? हो, थोडाच वेळ. दार ओढून घ्या जाताना. गेले, आई. आता कंबर उचल. भांडं सरकवलं. चादर आडवी धरते मी.

केसरबाई : तूबी तोंड फिरव.

संघप्रिया : फिरवलं.

केसरबाई : होत नाई.

संघप्रिया : घाई नाई. कोणी पाहत नाई.

केसरबाई : तू आहे ना.

संघप्रिया : मी भिंतीकडं पाहून राह्यले.

केसरबाई : ...

संघप्रिया : आई?

केसरबाई : झाली वाट्टे. चमचाभर असन.

संघप्रिया : पाहू? ... हो. झाली, आई. झाली.

केसरबाई : मंग रडून काऊन राह्यली? चादर नको सोडू, बाई. आनखी येऊन राह्यली.