समुद्राचा तुडूम

आमच्या बाबानं एक दिवस समुद्र राखला, हे तुमाले सांगतलं का मी? कोंढ्याच्या तलावाचं पाणी त्यायनंच जिंदगीभर राखलं. पाणी सोडायचा दरवाजा, तुडूम, त्यायच्याशिवाय कोणी उघडत नव्हतं.

मी त्यायले क्रूझवर नेलं. जहाज गोव्यात दिवसभर थांबणार होतं, म्हणून किनारा फिरायले आमच्या दोघांपुरती गाडी अन् गाइड केला. निघायच्या टायमाले बाबा वाळूतून उठेचनात.

"पाणी उतरून राहिलं. कोणं उघडला तुडूम?"

गाइड हसला. "काका, ओहोटी आहे. पाणी आपोआप वर येईल."

"पाणी आपोआप वर चढते का कुठं?"

"बाबा, जहाज सुटन ना!"

"तू जाय. मी असं पाणी सोडून नाई येत."

त्यायनं पाण्याच्या काठाले वाळूत एक काडी रोवली. मग आम्ही तिघंही बसलो. ऊन मऊ झालं, ओल्या वाळूत आभाळ उतरलं. शेवटी पाणी हळूच येऊन काडीले लागलं, तवा बाबा उठले.

जहाजावर आम्हीच शेवटचे. चढता चढता बाबा गाइडकडे वळले. "बापू, तुडूमवाला भेटला तं सांगजो, इतका वेळ उघडा नको ठेवू म्हणा. पल्याड कोणाचं तरी धान बुडन."