बूड बघून घेतलेलं भांडं

…नाही, पण मला सांगा, भांड्याचं बूड बघितलं, यात माझं काय चुकलं? तुम्हाला सांगतो, बायकोचं मनगट प्लास्टरमध्ये, आणि तिची थोरली बहीण म्हणते, महिनाभर हिला मी नेते, भाऊजींच्या हातात गॅस म्हणजे… आणि पुढचं बोलतच नाही, नुसती छताकडे बघते. शेवटी ठरलं, शनिवारी ती येणार, मी धडपणे चार घास शिजवले तर बायको राहणार, नाहीतर बॅग भरलेलीच होती.

आता तेवीस वर्षांत एकटा राहिलेलो नाही हो मी, म्हणून वही घेऊन दुकानात गेलो. म्हटलं, बूड दाखवा, जाड हवं, सपाट हवं, डुगडुगता कामा नये… नऊ पॅन काउंटरवर मांडले, प्रत्येकाला बोटानं ढकलून पाहिलं, पालथं घालून पट्टी लावली, तर मागून एक बाई म्हणतात, "अहो, यात शिजवायचंय की यावर बसायचंय?" यात माझं काय चुकलं?

शनिवारी मेव्हणी आली, बाहेर बायकोजवळ बसली. मी पॅन बर्नरच्या मधोमध ठेवला, धक्का लागू नये म्हणून दांडा आत वळवला, पण शेजारच्या बर्नरवर येऊ दिला नाही, फडकं लांब ठेवलं, ज्योत बुडाबाहेर येत नाही ना, हे वाकून दोनदा पाहिलं. सगळं वहीप्रमाणे! फक्त दुकानदारानं निघताना सांगितलेला एक नियम उतरवायचा राहिला होता, तो विसरायला नको म्हणून तिथंच उभ्याउभ्या लिहायला घेतला, सुवाच्य अक्षरात… 'नॉनस्टिक भांडं रिकामं तापवू'… आणि 'नये' लिहीपर्यंत स्वयंपाकघरात धूर. आता नियम तर बरोबरच लिहीत होतो ना, माझं काय चुकलं?

मेव्हणी आत आली, गॅस बंद केला, खिडकी उघडली, वही वाचली, आणि बहिणीला म्हणाली, "चल, बॅग मी घेते."

बायको दारातच उभी. पॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, मी आले तर हे एकटे राहतील."

"मग?"

"गॅसबरोबर."

मेव्हणी बिचारी एकटीच परतली. बायको राहिली हो… माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं, माझ्यासाठी राहिली. तर तिनं खुर्ची ओढली, आणि सिलिंडरला चिकटून मांडली.